झोतात सापडलेलं विमान

वागळे इस्टेटमध्ये नातवाच्या कारखान्यात वेल्डिंग सुरू झालं, की त्या जळक्या वासाने मी अजून दाराचा आधार शोधते.

दुसरी मोठी लढाई संपून काही वर्षं झाली होती. कल्याणच्या मिलिटरी कॅम्पातलं भंगार विकायला निघालं, तेव्हा एका व्यापाऱ्याने सर्चलाइट घेतला आणि गणपतीत लोकांना दाखवायला मैदानात उभा केला. तो चालवायला आमच्या ह्यांना बोलावलं. हे लढाईत गोऱ्यांच्या सर्चलाइट पलटणीत होते. शत्रूचं विमान झोतात धरून ठेवायचं, म्हणजे तोफांना नेम साधता येतो, एवढंच ह्यांचं काम.

दिवेलागणीला सर्चलाइटमधल्या कार्बनच्या कांड्या पेटल्या, वेल्डिंगसारखा जळका वास सुटला आणि झोत आभाळात चढला. टाळ्या पडल्या. तेवढ्यात मुंबईकडे निघालेल्या विमानाची घरघर आली. ह्यांनी झोत वळवला आणि विमान मासोळीसारखं चकाकलं. ते जाईल तिकडे झोत जात होता. लोक खूश होऊन ओरडत होते. मला मात्र ह्यांचा आवळलेला जबडा दिसत होता. हे तोफा उडायची वाट बघत होते, ते मला फार उशिरा उमजलं. तेव्हा नुसती भीती वाटली.

मी ह्यांना दंड धरून हलवलं. "अहो, सोडा ना! प्रवाशांचं विमान आहे ते."

ह्यांचे हात सुटले. झोत रिकाम्या आभाळात तसाच राहिला.

घरी जेवताना हे म्हणाले, "आत माणसं होती गं."

"होती ना. पोचलीसुद्धा असतील सुखरूप," मी चिडूनच म्हटलं.

ह्यांनी ताट बाजूला सारलं. "ही नाही गं. तेव्हाची."