सात थांबे आणि एक बाक

रोज सकाळी साडेनऊला माझी मावशी पायऱ्यांच्या गल्लीच्या तोंडाशी यायची आणि तिथल्या टपालपेटीच्या फटीत डोकावायची. पेटीत काय असणार, आणि असलं तरी तिला काय दिसणार. पण तेवढं झाल्याशिवाय ती पहिली पायरी चढायची नाही. मग वर्तमानपत्राची पिशवी या हातातून त्या हातात घ्यायची आणि निघायची.

गल्लीला एकशे बारा पायऱ्या होत्या. वाहन तिथे चढत नसे. सगळ्यात वरच्या घरात मावशीची मैत्रीण राहायची. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दोघींनी शेजारी शेजारी बसून एकतीस वर्षं दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली होती. मैत्रिणीची नजर गेली तेव्हापासून मावशी तिला रोज वर्तमानपत्र वाचून दाखवायची. आधी निधनवार्ता, मग हवामान, राजकारण उरलं तर.

"फोनवरून वाच की," मावशीचा मुलगा म्हणायचा. कोपऱ्यावर त्याचं औषधाचं दुकान होतं.

"एकतीस वर्षं फोनवरच बोलले. आता समोर बसून बोलू दे."

"तिला कुठे तू दिसतेस?"

"मला ती दिसते ना."

एकदा ती घरी येऊन धपकन खुर्चीत बसली आणि बराच वेळ धापा टाकत राहिली. मुलाने तपासण्या करून घेतल्या. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने ठीक आहे, चाला, पण दमानं. मुलाने त्यातलं अर्धंच ऐकलं. "पुन्हा एकदा जरी तुला धाप लागलेली कळली, तर पायऱ्या बंद," तो म्हणाला. तो शब्दाचा पक्का होता. मावशीनेच त्याला तसं वाढवलं होतं.

त्या दिवसापासून मावशीला धाप लागेनाशी झाली. त्याऐवजी गप्पा लागायला लागल्या. टपालपेटीपासून वरपर्यंत ती सात ठिकाणी थांबायची आणि प्रत्येक ठिकाणी कुणाला तरी पकडायची. प्रश्न असा विचारायचा, की समोरचा बोलत राहील आणि आपल्याला नुसतं 'हं हं' करता येईल, ही तिची युक्ती. शिंप्याला त्याच्या सासऱ्याबद्दल विचारलं की चार मिनिटं निश्चिंत. "मावशी जुन्या नोकरीची लाइन अजून चालू ठेवते," असं गल्ली हसून म्हणायची. दहा मिनिटांच्या वाटेला तिला पाऊण तास लागायचा आणि कुणाला काही वाटायचं नाही.

मग शाळेची मुलं आली.

वरच्या शाळेतल्या सातवीच्या वर्गाला सांगितलं होतं, की आपल्या भागातली एक अडचण शोधा आणि तुमची तुम्ही सोडवा. बाकीच्या गटांनी झाडं लावली, भिंती रंगवल्या. एका गटातल्या पाच मुलींनी ठरवलं, की गल्लीत म्हाताऱ्यांना टेकायला जागा नाही, तर बाक बसवायचा. मोडक्या डेस्कांच्या फळ्या त्यांनी शाळेकडून मागून घेतल्या, वॉर्ड ऑफिसात तीन खेपा घालून परवानगी काढली. ती एकाच बाकाची मिळाली. तो कुठे ठेवायचा, हे मोजून ठरवायचं होतं. म्हणून शाळा भरायच्या आधी त्या गल्लीत पाळीने बसायच्या, आणि कुणी थांबलं की त्या जागी खडूने एक रेघ मारायच्या. दोन आठवड्यांत गल्ली रेघांनी भरून गेली.

सगळ्यात जास्त रेघा शिंप्याच्या दुकानापाशी, बरोबर अर्ध्या वाटेवर पडल्या. तिथेच भांडण लागलं. "यातल्या निम्म्या त्या मावशींच्या आहेत," एकीचं म्हणणं. "त्या गप्पा मारायला थांबतात. ते धरायचं नाही." त्या रेघा पुसल्या, की बाक खाली बसथांब्यापाशी जात होता. शेवटी गटाची म्होरकी म्हणाली, की विचारूनच येते. दोन वेण्या, कमरेला खडूची पिशवी, आणि चेहरा असा, की हिला उधारीच्या वसुलीला पाठवावं. तिने मावशीला शिंप्याच्या दुकानाच्या थोडं खालीच गाठलं.

"मावशी, तुम्ही का थांबता?"

"मला बोलायची हौस आहे बाई. पुसून टाक माझ्या रेघा."

मुलीने वही उघडली. "मंगळवारी शिंप्याचं दुकान बंद असतं."

"बरं मग?"

"दोन्ही मंगळवारी तुम्ही तिथे थांबलात. एकदा साडेतीन मिनिटं, एकदा चार. तेव्हा कुणाशी बोलत होता?"

मावशीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"चपलेतला खडा काढत होता," मुलगीच म्हणाली. "दोन्ही वेळा त्याच पायातला."

"तू माझ्यावर पाळत ठेवतेस का गं?"

"गल्लीवर ठेवते. तुम्ही मधे येता."

मावशीला हसू आलं, आणि हसताना धाप लागली. ती लपवायला या वेळी तिथे कुणी शिंपी नव्हता. मुलगी शेजारी पायरीवर बसली आणि घड्याळाकडे बघत राहिली. श्वास जागेवर आल्यावर मावशी म्हणाली, "हे माझ्या मुलाला कळलं ना, तर माझ्या पायऱ्या गेल्या. आणि वर ती बसलीये वाट बघत."

"आम्ही नावं लिहीत नाही. फक्त वय आणि कारण. पण कारण खोटं लिहिलं, तर बाक खाली जाईल. तिथे कॉलेजची मुलं बसतील आणि फोन बघतील."

मावशीने पुढच्या पायऱ्यांकडे पाहिलं. साठेक उरल्या होत्या. मग म्हणाली, "लिही. धाप लागते म्हणून."

शनिवारी शाळेत सगळ्या गटांनी आपापलं काम मांडलं. पालकांना आणि भागातल्या दुकानदारांना बोलावलं होतं. औषधवाला मुलगा पुढच्याच रांगेत बसला. मावशी शेवटच्या रांगेत, एका जाडजूड गृहस्थामागे. म्होरकीने गल्लीचा नकाशा टांगला आणि वाचायला लागली. "एक बाई. वय एकाहत्तर. रोज चढतात. सात ठिकाणी थांबतात. कारण, धाप. सरासरी साडेतीन मिनिटं. बोलून लपवतात. दोन आठवड्यांत एकही खाडा नाही."

नाव नव्हतं. पण मुलाने सावकाश मान वळवली आणि रांगारांगांतून त्याची नजर त्या जाडजूड गृहस्थापर्यंत आली. मावशी सांगायची, की लहानपणी तो शाळेत पहिल्यांदा तिचा हात सोडून गेला, तेव्हाही असंच वळून बघत होता. तिने पिशवी छातीशी धरली. आता हा उठणार आणि सगळ्यांदेखत 'बंद' म्हणणार, एवढंच तिच्या डोक्यात.

तो उठला. घसा खाकरला. "माझा एक प्रश्न आहे," तो म्हणाला. "त्या बाई सात ठिकाणी थांबतात, आणि बाक एकच?"

"परवानगी एकाच बाकाची आहे काका," म्होरकी म्हणाली. "तुम्ही याल का वॉर्ड ऑफिसात? मोठं माणूस बरोबर असलं की ते खुर्ची देतात."

सगळा वर्ग हसला. तोही हसला, आणि "येतो" म्हणाला. मायलेक मिळून घरी निघाले. मग तो म्हणाला, "चपलेतला खडा?"

"तुला कुणी सांगितलं?"

"नकाशावर लिहिलंय. टीप क्रमांक दोन."

पहिला बाक शिंप्याच्या दुकानापाशी बसला. पाची मुलींनी स्वतः फळ्या घासल्या, पण एक पाय आखूड कापला गेला, त्यामुळे बाक किंचित डुगडुगतो. शिंप्याने त्याखाली कापडाची घडी घातली. पुढच्या सोमवारी मी तिथे गेले, तेव्हा मावशी मधोमध बसली होती, उघडपणे धापा टाकत, कुणालाही काही न विचारता. मी शेजारी बसले. श्वास जागेवर आला तशी तिने तिथेच वर्तमानपत्र उघडलं आणि निधनवार्ता आधी स्वतःसाठी वाचून काढल्या. खालून एक बाई दोन जड पिशव्या घेऊन एकेक पायरी चढत येत होती. मावशीने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, वर्तमानपत्राची घडी केली आणि मला कोपराने ढोसलं.

"सरक गं जरा, त्यांना बसू दे."