शर्टाच्या खिशातली किटकॅट

भूतखेतं, आत्मे असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. शाळेत मुलांना विज्ञान शिकवणारी बाई मी... कोणी असलं काही सांगायला लागलं की सरळ विषय बदलायचे. तरीही हे लिहितेय. ऐंशीच्या दशकाची अखेर, धुळ्यातलं आमचं भाड्याचं दोन खोल्यांचं घर.

माझे मिस्टर कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत वायरमन होते. मला फ्यूज ओळखायला शिकवायचे – तेही जेवताना! घरातली पांढरी, चिनी मातीची, तार बांधायची ती किटकॅट. रेडिओतली इवलीशी काचेची नळी, तिची तार तुटली की डोळ्यांना दिसते. आणि फॅक्टरीतल्या मोटरचा जाड, बंद नळीचा एचआरसी. तो उडाला तरी वरून पटकन कळत नाही. मी म्हणायचे, "अहो, भाजी गार होतेय." आता त्यांचा तो आवाज ऐकायला जीव तुटतो.

त्यांची एक सवय होती. कामाला हात घालण्याआधी फ्यूज काढून शर्टाच्या खिशात ठेवायचे, म्हणजे चुकून कोणी लाइन चालू करायला नको. मी काळजी केली की खिसा थोपटून म्हणायचे, "फ्यूज मना खिशामा शे, मंग माले काय व्हनार शे?"

त्या दिवशीही मोटरचे तिन्ही फ्यूज त्यांच्या खिशातच होते. मोटर बंद बघून कोणीतरी, उडालेले फ्यूज काढले असतील असं समजून, दुसरे आणून बसवले...

दवाखान्यातून शर्ट घरी आला, खिशात तिन्ही नळ्या तशाच. तो मी धुतला नाही. घडी करून पेटीत ठेवला, कुलूप लावलं, किल्ली कमरेला.

पुढच्या उन्हाळ्यात माझा धाकटा दीर नवा कूलर दुरुस्त करायला बसला. भर दुपार. झळा येऊ नयेत म्हणून दाराला आतून कडी. फरशीवर कूलरचं पाणी सांडलेलं.

"बटन बंद शे, वहिनी," म्हणत त्याने वायर धरायला हात पुढे केला आणि डोक्यावरचा पंखा थांबला. शेजाऱ्यांच्या घरातला रेडिओ मात्र चालूच.

बोर्डाकडे पाहिलं तर किटकॅटची जागा रिकामी!

"वहिनी, किटकॅट कोन काढी?" तो घाबरून म्हणाला. घरात आम्ही दोघंच होतो.

सगळं घर शोधलं. शेवटी काय मनात आलं कुणास ठाऊक, मी पेटी उघडली. शर्टाची घडी जशीच्या तशी. खिशात त्या तीन नळ्या... आणि त्यांना लागून आमची किटकॅट.

संध्याकाळी ओळखीच्या वायरमनने ती बसवली, कूलरचं बटण बंदच ठेवून त्याच वायरीला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. कूलर जोडणाऱ्याने वायरी उलट्या जोडल्या होत्या, त्यामुळे बटण बंद असूनही वायरीत वीज होतीच. दीर लहान मुलासारखा रडला.

लोक म्हणाले, तुम्हीच काढून ठेवली असेल, दुःखात माणसाला भान राहत नाही. असेलही... पण पंखा तर आमच्या डोळ्यांदेखत थांबला ना?

भीती मात्र तेव्हाही वाटली नाही. रागच आला. वायरमन गेल्यावर पेटीपुढे बसून त्या शर्टाला म्हणाले, "अहो, भावासाठी आलात. मीही तिथेच उभी होते... मला एक हाक मारली असती तर?"