ओढलेला हँडब्रेक

भेटलीस बरी! जवळ ये गं, ऐक. "येते मावशी, येते" म्हणून फोनवर किती फसवशील? तू आली असतीस, तर आमच्या गॅरेजमध्ये रक्त सांडलं नसतं.

उन्हाळ्यात आम्ही पुण्याला जातो, तेव्हा लेकाची ती लाल, बुटकी स्पोर्ट्स कार इथे आखातात, अमेरातला, बंद ठेवायची असते. टाकी भरायची, बॅटरीची वायर सोडायची, पण हँडब्रेक ओढायचा नाही, नाहीतर चाकं जाम होतात. तुझे काका पडले कोकणातले, जन्मभर घाटात गाडी चालवलेली. त्यांचा हात आपसूक ब्रेककडे जातो. गेल्या वर्षी चाकं जाम झाली होती. यंदाही ह्यांनी ओढलाच.

"बाबा, डोकं गहाण ठेवलंय का?" लेक ओरडला. ह्यांनी खाडकन त्याच्या थोबाडीत दिली. त्यानं कॉलर धरून ह्यांना भिंतीवर आपटलं. ह्यांची भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं, आणि ह्यांनी पाना उचलला. आता माझ्यादेखत एकजण जाणार, असंच वाटलं.

मी सरळ गाडीत जाऊन बसले. म्हटलं, "घाला आधी माझ्या डोक्यात!"

दोघं थबकले. पण ती सीट जमिनीला टेकलेली, माझे गुडघे असे. मला उठताच येईना! शेवटी दोघांनी दोन्हीकडून धरून उपसलं.

"हळू बाबा, तिचा खांदा दुखतो," लेक म्हणाला. आत बसल्या बसल्या ब्रेक मीच सोडून आले होते.

अजून दोघं धड बोलत नाहीत. तुझ्यासमोर मात्र शेजारी शेजारी जेवायला बसतात. आमच्या विमानाआधी लवकर घरी येऊन जा गं.