सातव्या मजल्यावरचा मिडफिल्डर

हेवा करण्याच्या बाबतीत मी तसा आळशी माणूस आहे. पण सिंगापूरमधल्या यिशुन भागात, आमच्याच इमारतीत सातव्या मजल्यावर राहणाऱ्या इंग्रजाचा मी सलग चार वर्षं, एकही सुटी न घेता, हेवा केला. दोन हजार तेरा साली तो राहायला आला. इंग्लंडमधला व्यावसायिक फुटबॉलपटू, मिडफिल्डर. म्हणजे मैदानाच्या मधोमध राहून मागच्यांकडून चेंडू घ्यायचा आणि पुढच्यांना द्यायचा. शेवटचे दोन हंगाम सिंगापूरच्या लीगमध्ये खेळून हा पस्तिसाव्या वर्षी निवृत्त झाला आणि इथेच राहिला. पस्तिसाव्या वर्षी मला कंपनीत पहिल्यांदा स्वतःचं टेबल मिळालं होतं. जुरोंग आयलंडला जाणारी कंपनीची बस गाठायला मी पहाटे गळ्यात पास अडकवून धावत सुटायचो, तेव्हा हा खाली बाकावर अनवाणी बसून कॉफी पीत असायचा. म्हणायचा, "सावकाश जा, बस तुला सोडून जाणार नाही." ती त्याआधी दोनदा गेली होती.

त्याला एक विचित्र सवय होती. कुठलीही वस्तू हातात घेण्याआधी तो डाव्या खांद्यावरून मागे बघायचा, मग उजव्या. चेंडू पायाशी येण्याआधी पाठीमागे कोण आहे ते बघून ठेवायचं, हे त्याच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं. माझ्या बायकोने पहिल्यांदा पोह्यांची बशी पुढे केली तेव्हाही त्याने असंच दोन्हीकडे पाहिलं, बशी घेतली आणि लगेच माझ्या हातात दिली. स्वतःकडे काही ठेवून घेणं त्याला जमतच नसे. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, नूडल्सचा वाडगा घेऊन हा टेबलापर्यंत पोचायच्या आत त्यातली कोळंबी तिघांच्या ताटात गेलेली असायची. स्तुतीचंही तेच. बायको एकदा म्हणाली, "तू मराठी किती छान बोलतोस." त्याला येत होते एकूण चार शब्द. तो म्हणाला, "शिकवणारी चांगली आहे." ती दिवसभर खुशीत होती. मी तिच्याशी वीस वर्षं अस्खलित मराठी बोलतोय, त्याचं कौतुक कुणाला नाही.

त्याची कारकीर्द मला तोंडपाठ झाली होती, कारण आमच्याकडे जेवायला येणारा प्रत्येक जण त्याला तेच विचारायचा. चौदाव्या वर्षी घर सोडून क्लबच्या वसतिगृहात गेला. पुढची बहुतेक वर्षं दुय्यम संघांतून, चिखलात आणि थंडीत काढली. सर्वांत वरच्या लीगमध्ये खेळला तो एकच सामना, तोही शेवटची सहा मिनिटं. कुणी "गोल किती केलेस?" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "फार नाही. पण ज्यांनी केले त्यांना मी चांगला ओळखतो." सगळे हसायचे. पुण्याला कॉलेजच्या संघात मीही मिडफिल्डलाच होतो, बराचसा राखीव. पण ते सांगायला मी तोंड उघडेपर्यंत विषय श्रीखंडावर गेलेला असायचा.

कहर झाला तो हा इमारतीतल्या मुलींना फुटबॉल शिकवायला लागल्यावर. माझी लेक दर शनिवारी त्याच्याकडे जायची आणि घरी येऊन मलाच धडे द्यायची. मी रस्ता ओलांडताना सिंगापुरी इंग्रजीत म्हणायची, "बाबा, अंकल सेज लुक फर्स्ट, लाह." बायको मला एकदा सरळच म्हणाली, "तू त्याच्यावर जळतोस." मी म्हटलं, "काहीतरीच."

मग तो रविवार आला. आम्हा काही मराठी मंडळींचा शेजारच्या इमारतीतल्या लोकांशी सामना होता. हा काठावर उभा राहून आम्हाला कुठे उभं राहायचं ते सांगत होता आणि सगळे मान डोलावत होते. मलाही त्याने हाताने जरा मागे सरकायला सांगितलं आणि माझं डोकं फिरलं. "नुसतं सांगतोस काय? एवढा खेळाडू आहेस तर ये ना आत," मी सर्वांसमोर म्हणालो. त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, सपाता काढल्या आणि कुणाचे तरी बूट मागून घेतले.

तो पंधरा मिनिटं खेळला. धावला असा नाहीच. पण चेंडू जिथे जायचा तिथे हा आधीच उभा. कुणी अंगावर आलं की चेंडू निघून गेलेला. शेवटी त्याने तो माझ्या पायाशी इतका अलगद आणून दिला, की मला फक्त पाय लावायचा होता. आयुष्यातला माझा तो पहिला गोल. लेक ओरडत मैदानात आली. तो मात्र काठावर जाऊन बसला आणि बराच वेळ उठला नाही.

दुसऱ्या दिवशी बाक रिकामा होता. तिसऱ्या दिवशीही. बायको म्हणाली, "त्याच्या गुडघ्याची तीन ऑपरेशन्स झालीत. डॉक्टरांनी बससाठीसुद्धा धावायचं नाही म्हणून सांगितलंय. तुला माहीत नव्हतं?" नव्हतं. पण माहीत असतं तर मी त्या दिवशी गप्प बसलो असतो, असं आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

संध्याकाळी वर गेलो. दोन उशांवर पाय ठेवून, गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून तो पडला होता. मी माफी मागायला लागलो तर त्याने मला थांबवलं. "इथे आल्यापासून सगळे मला शिकव म्हणतात," तो म्हणाला, "खेळ म्हणणारा तू एकटा." आणि मग त्याने माझ्या गोलाबद्दल मला इतके प्रश्न विचारले, की जणू तो पाहायला हा हजरच नव्हता.

दोन हजार सतरा साली आईच्या आजारपणामुळे तो इंग्लंडला परत गेला. मुलींना आता दुसरा कोच आहे, चांगला आहे. माझ्या निवृत्तीलाही आता थोडीच वर्षं उरलीत. त्यानंतर चार गोष्टी सांगा, नव्या लोकांना शिकवा म्हणणारे भेटतील, त्याची काळजी नाही. पण "ये ना आत" म्हणणारं कुणी असेल का, रागाने का होईना? असं मनात आलं, की त्याच्या त्या पंधरा मिनिटांचा मला पुन्हा हेवा वाटायला लागतो.