बाभळीच्या मुळाचं पाणी

त्या वर्षांचं मला पहिलं आठवतं ते दमणं. सोलापुरात आमच्या भागात नळाला एक दिवसाआड पहाटे पाणी यायचं, तेही खाली चौकातल्या एकाच नळाला. आमच्या दोन खोल्या वरच्या मजल्यावर. पाणी भरायचं, स्वयंपाक उरकायचा, दोन वर्षांच्या लेकीला शेजारणीकडे सोपवायचं आणि सातच्या शाळेत शिकवायला पळायचं. नवरा नोकरीसाठी पुण्याला, महिन्यातून एकदा यायचा. घरात मी, लेक आणि सासरे. सासऱ्यांना मी मामा म्हणायची.

अशात एका खेपेला नवऱ्याने माशांची काचेची पेटी आणली. कुणा सहकाऱ्याची बदली झाली, त्याने फुकट दिली. लेकीला मासे बघायला मिळतील म्हणून स्वारी खूश. पेटी पाण्याने भरायची कुणी, हा प्रश्न काही त्याला पडला नाही.

मामांना मात्र त्या पेटीचं वेडच लागलं. मोहोळकडे एका लग्नाला गेले होते, तिथून येताना नदीच्या कोरड्या पात्रातलं, पुरात वाहून आलेलं एक मूळ पिशवीत घालून घेऊन आले. वाकडंतिकडं, पाण्याने झिजून गुळगुळीत झालेलं.

"बाभळीचं हाय," ते म्हणाले. "माशांना दडायला बरं पडंल. पण लई रंग सोडतंय हे. समदा उतरल्याबिगर पेटीत टाकायचं न्हाय."

रंगाच्या बाबतीत त्यांच्यापुढे कोण बोलणार? मिलच्या रंगखात्यात जन्म गेला होता त्यांचा. निवृत्तीनंतरही एक यंत्रमागाचा मालक त्यांना आठवड्यातून तीन दुपारी बोलवायचा. रंगवलेलं सूत नमुन्याशी जुळतं की नाही, एवढंच बघायचं. मामा म्हणाले, "अजून एक बुडी द्या," की सूत परत रंगात जायचं. त्या तीन दुपारी ते धुतलेला सदरा घालत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता, पण ती गोष्ट त्यांनी मालकाला सांगितली नव्हती. मला ठाऊक होती, कारण सुईत दोरा मीच ओवून द्यायची.

मूळ मी काथ्याने घासलं. दोन रविवार मोठ्या पातेल्यात मीठ घालून उकळलं. अर्धं वर राहायचं, म्हणून मधेच चिमट्याने उलटं करायचं. मग मोरीत प्लॅस्टिकच्या टबात बुडवून वर दगड ठेवला, नाहीतर तरंगायचं. रोज पाणी बदलायचं, म्हणजे दोन बादल्या. मोरीत अंधार, म्हणून पेलाभर पाणी मी खिडकीशी न्यायची आणि मामा बघून सांगायचे, "चहा हाय अजून." माणसांना पुरत नव्हतं ते पाणी मी एका लाकडाला घालत होते, आणि माझा जीव नुसता चिडचिडा झाला होता.

पंधराएक दिवसांनी माझा धीर सुटला. पाणी बदललंच नाही. दुपारी मामा कामावरून आले आणि त्यांनी विचारलं, "आज कसं निघालं?"

"निवळ," मी म्हटलं. "सगळा रंग उतरला."

"तू बगितलंस न्हवं? मग झालं."

खरं सांगायचं तर लाज वाटली नाही. सुटल्यासारखं वाटलं.

रविवारी पेटी लावली. मूळ बसवलं, पाच मासे सोडले, लेक टाळ्या पिटू लागली. बुधवारी सकाळी मी शाळेला निघाले, तर मामा पेटीसमोर उभे. धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होते, परत बघत होते.

"पोरी, पाणी कसं दिसतंय गं?"

पाणी चांगलं तांबूस झालं होतं. पण तसं म्हटलं तर पेटी उपसायची, मूळ परत टबात, परत बादल्या. "स्वच्छ तर आहे की," मी म्हटलं आणि चपला घातल्या.

"बरं," मामा म्हणाले.

त्या दिवशी दुपारी ते कामावरून लवकर आले. सदरा काढून खुंटीला अडकवला आणि सांगितलं, "मालकाला सांगून आलो, उद्यापास्नं येत न्हाय. डोळं फसवाय लागलं. निवळ पाणी मला तांबडं दिसतंय. दुसऱ्याच्या सुताचं वाटोळं कशाला करायचं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सगळं सांगून टाकलं. पाणी बदललं नव्हतं, सकाळीही खोटं बोलले, पाणी खरंच तांबडं आहे, तुमचे डोळे बरोबर आहेत. पेटीतलं पाणी पेल्यात घेऊन त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी पेल्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवला. "माझं मन राखाय लागलीस व्हय? ऱ्हाऊ दे. कवातरी हे व्हायाचंच हुतं."

मी रडले, शपथा घेतल्या. जितकी रडले तितकी त्यांची खात्री पटत गेली.

मालकाचा माणूस दोनदा बोलवायला आला, मामा गेले नाहीत. दिवाळीत लेकीच्या झबल्याचं कापड घ्यायला आम्ही गेलो, तेव्हा त्यांनी एक कापड माझ्यापुढे धरलं. "ह्यो रंग कंचा गं?"

"हिरवा," मी म्हटलं.

"हिरवा," त्यांनी दुकानदाराला सांगितलं, "दोन वार द्या."