‘आहे’ म्हणजे आहे

रविवार, १२ जानेवारी २०२५. कारंज्याला संयुक्त उपासना. जीप उशिरा आली. प्रवचन लांबले. प्रवचनानंतर आपण उभे राहिलो, बाकी कोणी राहिले नाही. मतांगीकार शेवटपर्यंत म्हटला. फुलचंदभाऊजींचा आवाज चांगला लागला. येताना हरभऱ्याचे घाटे घेतले. गुडघा बरा.

रूथबाई खंडारे यांची रोजनिशी अशीच असते. काय झालं ते त्यात सापडतं, बाईंना काय वाटलं ते वाचणाऱ्यानं ओळखायचं. त्या रविवारी जे झालं त्यावर कामरगावात पुढचा आठवडाभर हसणं चाललं होतं, आणि त्यात सगळ्यांत जास्त हसल्या त्या रूथबाईच.

कामरगावात लुथरन मंडळी म्हणजे वीसेक घरं. पत्र्याच्या छपराचं छोटंसं देऊळ, त्यावर लाकडी क्रूस, आवारात कडुनिंब. या देवळात प्रवचन संपलं की माणसं उभी राहतात आणि मतांगीकार म्हणतात. आपण कशावर विश्वास ठेवतो ते सगळ्यांनी मिळून, मोठ्यानं, ठरलेल्या शब्दांत सांगायचं. ‘उभे राहा’ असं कोणी सांगत नाही. पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, ‘आमेन’ म्हटलं की गुडघे आपोआप उठतात.

कारंज्याच्या त्या हॉलमध्ये ही रीत नव्हती. तिथल्या मंडळींचा पंथ वेगळा, गाणी नवी, टाळ्या जोरात. प्रवचन संपलं, ‘आमेन’ झालं आणि रूथबाई उठल्या. त्यांच्यामागे फुलचंद उठले, त्यांच्यामागे कामरगावची आणखी चार-पाच डोकी. आकाश आणि पृथ्वी निर्माण करणाऱ्या पित्यापासून सुरुवात झाली तेव्हा रूथबाईंच्या लक्षात आलं की अख्खा हॉल बसलेला आहे. पण मतांगीकार मध्येच सोडून बसायचं कसं? त्या पुढे म्हणत राहिल्या. कीबोर्ड वाजवणाऱ्याला वाटलं, हे पाहुण्यांचं गाणं दिसतं. तो बिचारा सूर शोधू लागला आणि बरोबर ‘अधोलोकात उतरला’ या शब्दांपाशी त्याला तो सापडला. असा दणदणीत सूर लागला की रूथबाईंची सून नीलिमा ओढणी तोंडात धरून खाली वाकली ती वर आलीच नाही.

“आई,” परतताना जीपमध्ये ती म्हणाली, “पुढच्या वेळी ढोलकीही सांगू का त्यांना?”

“सांग,” रूथबाई म्हणाल्या. “पण ‘तिसऱ्या दिवशी पुन्हा उठला’ला वाजवायला सांग. तिथे शोभेल.”

फुलचंद मंडळीतले जुने पंच. त्यांनी पुढच्या सीटवरून मान वळवली. “वयनी, मी तं डोये मिटून म्हनत होतो. उघडले तं समदे आपल्याकडेच पाहून राह्यले! मले वाटलं, माहं धोतरच सुटलं का काय.”

रूथबाईंचं बालपण बैतूलकडच्या मिशनात गेलं. वडील उपदेशक. रात्रीच्या जेवणाआधी ते धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरावली काढत, देवाच्या दहा आज्ञांपैकी एक म्हणायला लावत आणि विचारत, “याचा अर्थ काय?” उत्तर आल्याशिवाय भाकरी मोडायची नाही. पुढे अमरावतीच्या कॉन्व्हेंटात वसतिगृहात ठेवलं, तर तिथे कॅथलिक सिस्टर. एकदा धर्मशिक्षणाच्या तासाला प्रभुभोजनाचा विषय निघाला, म्हणजे येशूनं शेवटच्या जेवणात ‘हे माझे शरीर आहे’ म्हणून दिलेली भाकरी देवळात घेतात त्याचा. लहानगी रूथ उभी राहून म्हणाली, “सिस्टर, भाकरी भाकरीच राहते आणि तिच्यात प्रभूही असतो.” भाकरीची भाकरी उरतच नाही, तिचा प्रभूच होतो, असं मानणाऱ्या सिस्टर हसल्या. “अर्धी आमची आहेस तू. उरलेली अर्धी कधी येतेस?” रूथनं सांगितलं, “ती अर्धी माझ्या बाबांनी ठेवून घेतलीय.”

लग्न झालं शांतवन खंडाऱ्यांशी. ते गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होते, आणि गावात त्यांना सगळे ढोरडॉक्टर म्हणत. रूथबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवू लागल्या. वडिलांची सवय त्यांच्या जिभेवर उतरलेली. कविता असो की गणित, पोरांना विचारायच्या, “याचा अर्थ काय?” पोरांनी त्यांचं नावच अर्थबाई ठेवलं. आज कामरगावच्या स्टँडवर पिकल्या मिशांचे बाप्ये त्यांना बघून उठतात आणि पुटपुटतात, “अर्थबाई आल्या.”

शांतवन जाऊन बरीच वर्षं झाली. देवळामागच्या कब्रस्तानात त्यांच्या शेजारी रूथबाईंची जागा धरलेली आहे. “माझा प्लॉट,” असं त्या मजेत म्हणतात.

कारंज्याच्या गमतीनंतर दुसऱ्याच दिवशी पाळक उत्कर्ष घरी आले. तरुण, मनमिळाऊ, गिटार वाजवणारे. दोनच वर्षांत मंडळीतल्या पोरासोरांना त्यांनी देवळात आणलं होतं, आणि त्याबद्दल रूथबाई त्यांना मनापासून मानत.

“सलाम, आजी.”

“सलाम, पाळकसाहेब. बसा. कालचं ऐकवायला आलात ना?”

“कालचं नाही, पुढचं.” पाळकांनी चहाची बशी हातात फिरवली. “कारंज्याच्या लोकांशी आपलं चांगलं जमतंय. दोघांना चालेल अशी एकच उपासनापद्धती करावी म्हणतोय. मतांगीकार ऐच्छिक ठेवू. आणि प्रभुभोजनाच्या वेळी ‘हे माझे शरीर आहे’च्या जागी ‘हे माझ्या शरीराचे चिन्ह आहे’ म्हणू. एका शब्दाचा तर फरक. सव्वीस तारखेला उपासनेनंतर पंच ठरवतील.”

रूथबाईंनी कप खाली ठेवला. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं.

“शब्द बदलला तर मी जागेवरच बसून राहीन,” त्या शांतपणे म्हणाल्या. “पुढे येणार नाही. रागानं नव्हे. जे मला खरं वाटत नाही त्याला ‘आमेन’ म्हणून हात कसा पसरू? आणि या वयात दुसरं देऊळ शोधायचंही नाही मला. माझा प्लॉट इथे आहे.”

पाळकांचा चेहरा उतरला. ज्या आजींमुळे मंडळी टिकली त्यांनाच प्रभुभोजनाविना बसलेलं बघायचं, हे त्यांनाही नको होतं. त्यांनी मोबाईल काढला, त्यावर त्यांच्या तान्ह्या मुलीचा फोटो होता.

“आजी, ही कोण?”

“तुमची मुलगी.”

“मुलगी आहे की मुलीचा फोटो? तरी आपण ‘ही माझी मुलगी आहे’ असंच म्हणतो ना? तसंच प्रभूचं ‘आहे’. बोलायची रीत.”

रूथबाईंनी फोटो जवळ घेऊन पाहिला आणि मोबाईल परत दिला. ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांना अर्थ विचारला त्यांना कोणी असं गप्प केलं नव्हतं. पाळकही जिंकल्यासारखे दिसले नाहीत. चहा संपवून, प्रार्थना करून निघून गेले.

“आई, बोलती बंद?” नीलिमानं विचारलं. ती पंचांची चिटणीस होती आणि नवी गाणी तिला फार आवडत.

“तात्पुरती.”

संध्याकाळी शेजारच्या चंपाबाई अंगणात घाटे सोलायला येऊन बसल्या. बौद्ध घरातल्या चंपाबाईंचा आणि त्यांचा जुना शेजार. रूथबाईंनी सगळं सांगितलं.

“हे काय नवीन?” चंपाबाई म्हणाल्या. “आमच्या बावीस प्रतिज्ञा हायेत. उद्या कोनी म्हनन, शेजाऱ्याले बरं वाटावं म्हनून एकवीस करा, तं करू काय आमी? माह्या बापानं बावीस घेतल्या, मीबी बावीसच म्हनतो.”

“पण चंपाबाई, फोटोचं काय उत्तर देऊ?”

“थे तुमचं तुमी पाहा बाप्पा. मले फोटोतलं काई समजत नाई. माह्या आधार कार्डावर कोन बाई हाये, थेच मले आजवर समजलं नाई.”

दुसऱ्या दिवशी संक्रांत. सकाळपासून नीलिमाचा मोबाईल टुणटुण वाजत होता. नातेवाईक, मैत्रिणी, शाळेचा ग्रुप, मंडळीचा ग्रुप, सगळीकडून तिळगुळाचे फोटो. चांदीच्या वाटीत तिळगूळ, पतंगाबरोबर तिळगूळ, चमचमणाऱ्या अक्षरांतला तिळगूळ. मंडळीच्या ग्रुपवर पाळकसाहेबांनीही एक पाठवला होता. मिशनच्या घरांत संक्रांत करत नसले तरी गावात राहायचं तर गोड बोलायला कोणाची हरकत असणार?

चार वाजता समोरच्या सोजरबाई स्टीलचा डबा घेऊन आल्या. हाताशी स्वतःचा मोबाईल, आणि तोंड चाललेलं.

“हे पाहा बाई! माही सून पुन्याले असते. तिनं तिळगूळ धाडला. कुठं? या डब्बीत! घ्या म्हने, गोड बोला म्हने. आता काय मोबाईल चाटू काय मी? घ्या म्हनते अन् हातात काईच देत नाई! घ्या म्हटलं तं द्या लागते ना व माय!”

असं म्हणत त्यांनी डबा उघडला आणि एक जाडजूड लाडू रूथबाईंच्या तळहातावर ठेवला. “हा घ्या. ह्याले म्हनते घ्या.”

रूथबाई लाडवाकडे बघत राहिल्या. मग हसायला लागल्या, इतक्या की सोजरबाई घाबरल्या.

“काहून हसून राह्यल्या? लाडू जयला काय?”

“लाडू झकास आहे, सोजरबाई. माझं उत्तर त्यात आहे.”

“कडक लागन, दातानं सांभाळून,” सोजरबाई म्हणाल्या आणि पुढच्या घराकडे वळल्या.

सव्वीस तारखेला शाळेतलं झेंडावंदन आटोपून माणसं उपासनेला आली. उपासना झाल्यावर पंच बाकांवर बसले, बाकीची मंडळीही रेंगाळली. पाळकांनी नवी पद्धती वाचून दाखवली आणि म्हणाले, “आजींना बोलायचं असेल.”

रूथबाई उभ्या राहिल्या. “पाळकसाहेब, तुमचा तिळगूळ मिळाला.”

“अं? हो हो. ग्रुपवर.”

“गोड लागला नाही.”

देऊळभर हशा पिकला. पाळकही हसले, पण कान टवकारून.

“तुम्ही मला मुलीचा फोटो दाखवलात. फोटो दाखवणारा म्हणतो, ‘बघा’. बघायला फोटो पुरतो. पण प्रभू ‘बघा’ म्हणाला नाही. म्हणाला, ‘घ्या, खा’. आपल्या गावातली साधी बाईसुद्धा घ्या म्हणून रिकाम्या हातावर फोटो ठेवत नाही. मग तो ठेवेल? तेही शिपाई त्याला धरून नेतील त्या रात्री, आपल्या माणसांना शेवटचं जेवू घालताना?”

पाळकांनी विचारलं, आणि मनापासून विचारलं, “पण आजी, भाकरीत तो असतो, तो कसा?”

“कसा ते मला ठाऊक नाही. सिस्टर त्यांच्या परीनं समजावायच्या, कारंज्याचे लोक त्यांच्या परीनं समजावतात. बाबांनी मला एवढंच शिकवलं की कसा हे त्याच्यावर सोडायचं. तो आहे म्हणाला. आहे म्हणजे आहे.”

“हाये म्हन्जे हाये,” फुलचंद मागून म्हणाले. “आन पाळकसाहेब, या वयात नवा शबुद माह्या तोंडात बसाचा नाई. दात तरी कुठं रायले थो अडवाले?”

पुन्हा हशा. मग नीलिमा उठली. सुनेचं मत काय पडेल याचा रूथबाईंना अंदाज नव्हता.

“मला गाणी नवीच हवीत,” नीलिमा म्हणाली. “टाळ्याही हव्यात. कारंज्यालाही जायचंय. पण जे आपण उभं राहून म्हणतो ते म्हणायला मला आवडतं. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला इथलं काही येत नव्हतं. मतांगीकार येत होता, म्हणून पहिल्या रविवारी परकं वाटलं नाही.”

पाळकांनी हातातल्या कागदांची घडी घातली. “खरं सांगतो,” ते म्हणाले, “आजींचं सगळं मला पटलंय असं नाही. मला अजून वाचावं लागेल. पण पाळकपणाच्या दीक्षेच्या दिवशी मी याच मतांगीकाराला धरून शिकवीन अशी शपथ घेतली होती. जोवर मी या वेदीपाशी उभा आहे तोवर शब्द माझे नाहीत, मंडळीचे आहेत. जुनेच राहू द्या.”

पंचांबरोबर मंडळीचेही हात वर झाले. दोन-तीन तरुणांचे खालीच राहिले, त्यांच्यावर कोणी डोळे वटारले नाहीत. कारंज्याची संयुक्त उपासना गाणी आणि प्रार्थनेपुरती चालू ठेवायची, प्रभुभोजन ज्याचं त्यानं आपापल्या देवळात घ्यायचं, असं ठरलं.

“आणि आजी, तुम्ही गिटारला नाक मुरडायचं नाही,” पाळकांनी बजावलं.

“कबूल. पण टाळ्या माझ्या तालात वाजवीन.”

“तुमचा ताल कोणता?”

“शाळेतल्या प्रार्थनेचा.”

“अरे देवा,” नीलिमा म्हणाली.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी देऊळ भरलं होतं. रूथबाईंनी पांढरी, निळ्या काठाची साडी नेसली होती. प्रवचनानंतर गुडघे उठले, मतांगीकार झाला, मग माणसं एकेक करून वेदीपाशी गेली. रूथबाई गुडघ्यावर टेकल्या, जरा कण्हत. पाळक त्यांच्यासमोर थांबले. त्यांनी भाकरीचा तुकडा उचलून शब्द उच्चारले, आणि शेवटच्या शब्दावर त्यांचा आवाज नेहमीपेक्षा कणभर ठाम झाला. रूथबाईंनी दोन्ही हात पसरले, ‘आमेन’ म्हटलं आणि घेतलं. उठताना नीलिमानं कोपराला धरून उभं केलं. जागेवर येऊन बसल्या तेव्हा त्यांचे डोळे ओले होते आणि चेहरा मात्र हसरा.

घरी आल्यावर दुपारी वांग्याची भाजी झाली, पाळक जेवायला आले आणि तीन भाकरी खाऊन गेले. यातलं काहीच रोजनिशीत गेलं नाही. संध्याकाळी चष्मा लावून बाईंनी तारीख घातली आणि दोनच ओळी लिहिल्या.

प्रभुभोजन घेतले.
गॅसचा नवा सिलिंडर लावला.