तिसऱ्या हाकेची ओ

भूतखेत, करणी, भानामती... असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. पोलीस खात्यात जिवंत माणसांचंच इतकं बघितलं की मेलेल्यांना घाबरायला सवड मिळाली नाही. तरी हे लिहितोय, कारण त्या दिवशी कोर्टात तो आवाज ऐकणारा मी एकटा नव्हतो.

हिंगोली जिल्हा नवीन झाला होता, तेव्हाची गोष्ट. माझ्याकडे पैरवीचं काम होतं — म्हणजे समन्स पोचवायचे आणि साक्षीदार कोर्टात हजर करायचे. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर भरदिवसा एकाचा खून झाला होता. गावाचं नाव देत नाही. बघणारी एकच — धोंडाबाई, शेळ्या चारणारी विधवा. आरोपी दोघे भाऊ, तिच्याच गावचे, जामिनावर सुटलेले.

धोंडाबाईची एक खोड होती. दारातून हाक मारली की ओ द्यायची नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसरीला आतून यायचं, "आले जीऽ..." एकदा वैतागून विचारलं, "मावशी, ऐकू येत नाही का?"

"येतंय की. पन मेलेलं मानूस दोनदाच हाक मारतंय, भाऊ. तिसरी आली म्हंजे जित्तं हाय," ती हसत म्हणाली.

समन्स घेऊन गेलो तेव्हा मात्र ती हसली नाही. "आता जित्त्याचंच भ्या वाटून राहिलं. पाण्याला गेले तरी ते दोघं मागं येतेत. बोलत न्हाईत, नुसते येतेत. तुमी काहून कोनाला बसवत न्हाई हितं?"

मी साहेबांना सांगितलं. एक शिपाई बसवला. मग निवडणुकीचा बंदोबस्त लागला, शिपाई तिकडे गेला. पुन्हा मागितला तर उत्तर आलं, माणसं नाहीत. साक्षीदाराला आणायला गाडी कुठली? तिनं एस.टी.नं यायचं. आणि गावातून सकाळी एस.टी. एकच. म्हणजे जिच्या साक्षीवर जन्मठेप होणार ती बाई आणि ते दोघे एकाच गाडीत. आहे की नाही कमाल?

"येणार ना, मावशी?"

"येते म्हनले तं येतेच."

तारखेला मी स्टँडवर उभा राहिलो. गाडी आली. दोघे भाऊ उतरले, कडक इस्त्रीच्या कपड्यांत. धोंडाबाई नव्हती.

कोर्टात शिपायानं दाराशी तिच्या नावाचा पुकारा केला. काही नाही. दुसरा केला. सरकारी वकील माझ्याकडे बघू लागले, मी मान खाली घातली. तिसरा पुकारा झाला आणि व्हरांड्यातून आवाज आला —

"आले जीऽ..."

इतकं बरं वाटलं मला की डोळ्यांत पाणीच आलं. शिपाई वाट देऊन बाजूला सरला. न्यायाधीशांनी वर बघितलं. आरोपीच्या पिंजऱ्यातल्या थोरल्या भावानं कठडा घट्ट धरला... आत कोणीच आलं नाही. मी बाहेर पळालो. व्हरांड्यात बसलेला एक शेतकरी म्हणाला, "आवाज आमीबी ऐकला. बाई न्हाई पाहिली."

दुपारी ठाण्यातून निरोप आला. धोंडाबाई कालव्याच्या गेटाशी अडकलेली सापडली होती. आदल्या संध्याकाळी पाण्याला गेली ती परतलीच नव्हती. पाय घसरून पडली, अशी नोंद झाली.

मी स्टेनोला विचारलं. तो म्हणाला, "हवालदार, ऐकलं मीही. पण टाइप काय करू? साक्षीदार गैरहजर, एवढंच लिहिता येतं." पोलिसांपुढं तिनं दिलेला जबाब कोर्टात साक्ष म्हणून चालत नाही. दोघे भाऊ पुराव्याअभावी सुटले आणि त्याच एस.टी.नं गावी गेले.

तो आवाज कुणाचा, मला आजही सांगता येत नाही. लोक म्हणतात, दुसऱ्या कुठल्या बाईनं ओ दिली असेल. असेल. पण ती तिसऱ्या पुकाऱ्यापर्यंत कशाला थांबली असती?

येते म्हणाली होती, आली. दारापर्यंत आली. तिथून तिला आत कसं न्यायचं, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.